खळ्यावरच्या फेऱ्या

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटायचा. हेवा कसला, जळफळाट म्हणा. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन ती चढण चढून यायची, दारात दोन्ही उतरवायची आणि त्याच कमरेवर माझ्या लेकीला घ्यायची. मेली दमायचीसुद्धा नाही!

माझा छातीतला कॅन्सर ऑपरेशन करून काढला होता. पुढे तो पाठीच्या मणक्यात आणि खुब्यात उतरला. नवरा मुंबईला गिरणीत, म्हणून इलाज तिथेच झाला. विजेचा शेक दिला, गोळ्या दिल्या, आणि घरी सोडायच्या आधी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, "हाडं आतून पोखरलीत. पण नुसत्या पडून राहाल तर पायांतली ताकद जाईल आणि एक दिवस कोसळाल. रोज चालायचं, सपाट जागेवर, काठी घेऊन. फेरी झाली की थांबून दम घ्यायचा. खुर्चीवरून सावकाश उठायचं, बसायचं. वाकायचं नाही, कमरेत पिळायचं नाही आणि काही म्हणजे काही उचलायचं नाही. नवीन ठिकाणी दुखलं तर चालणं बंद, तडक डॉक्टर."

"माझी मुलगी तीन वर्षांची आहे," मी म्हटलं.

"तिलाही नाही," त्या म्हणाल्या.

आता आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला. सपाट जागा आणायची कुठून? दारातून पाऊल टाकलं की चढण, नाहीतर उतार. राहता राहिलं ओट्यापुढचं खळं, भात झोडायचं, शेणानं सारवलेलं. तिथे मी काठी टेकत गोल गोल फिरू लागले. शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या. एक म्हणाली, "मळणीचा बैल परवडला गो, त्याच्या पायाखाली भात तरी निघतं." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यांच्यासमोर फेरी संपल्यावर थांबायची मला लाज वाटायची, म्हणून मी थांबतच नसे. दमही चालता चालताच घ्यायचा.

सासूबाईंना हे गणित कधी कळलंच नाही. आमच्याकडे आजारी माणूस अंथरुणात असतं आणि उठून फिरतं ते बरं झालेलं असतं. मधलं काही नसतं. "फिरतेस ना? मग पोरीला घे की कडेवर," त्या म्हणायच्या. "ती काय जड हाय?"

जावेला मात्र सगळे नियम तोंडपाठ. मी एकदाच सांगितले होते. शाळेच्या गुरुजींकडून हात असलेली एक खुर्ची तिनेच मागून आणली. मी आल्यागेल्याला सांगायची, फार लाघवी आहे हो. आणि पोटात दुखायचं ते दुखायचंच.

एका दुपारी लेक खळ्याच्या कडेला ठेचकाळून पडली. गुडघा फुटला, भोकाड पसरलं. काठी टाकून मी खाली वाकणार तोच जाव ओरडली, "बाय, वाकू नको!" तिने डोक्यावरचा हंडा टाकला, पाणी सगळं उताराला गेलं, आणि माझ्या आधी पोरीला उचललं. पोरीने तिच्या मानेत तोंड खुपसलं.

"माझी पोर आहे ती!" मी किंचाळले.

"तुझीच हाय," ती म्हणाली. "म्हणून तर."

मी तिच्याशी बोलणं टाकलं. मनात म्हटलं, एकदा हिचीही कंबर धरू दे, मग कळेल. लगेच ध्यानात आलं, हिची कंबर धरली तर पोरीला घेणार कोण? मुकाट्यानं शब्द गिळले. धड जळायचीही सोय नव्हती मला!

पुढे एका सकाळी मी फिरत होते. लेक ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली. ओटा उंच, त्यामुळे तिचं तोंड बरोबर माझ्या तोंडासमोर आलं. तिने हात पुढे केले.

"आई, जवळ ये. तू वाकू नको. मी वर हाय."

मी काठीसकट जवळ गेले. तिने अलगद माझ्या गळ्यात हात टाकले. किती दिवसांनी तिच्या केसांचा वास आला, खोबरेल तेलाचा.

"आणि लोंबायचं नाय," ती कानात म्हणाली. "काकीनं शिकवलंय."

वर बघितलं तर जाव दाराआड उभी होती. मी बघितल्याबरोबर आत सरकली. मला भरून आलं आणि राग पण आला, दोन्ही एकदम. माझ्या लेकीची मिठीसुद्धा मला हिच्याच हातून मिळावी? तो राग अजून गेलेला नाही. खोटं कशाला बोलू?

शेजारणी बघत होत्या. मी दुसरी फेरी घातली. लेक तिथेच हात पसरून उभी होती.

फेरी झाली की थांबायचं, असं बाईंनी सांगितलंच होतं. मी थांबले.