लाल बटणाची राखण

अण्णा सकाळी चहाआधी बॉयलरला भेटायला जायचे. आयर्लंडमधल्या डंडॉक गावी आमच्या भाड्याच्या घरात तो जिन्याखाली होता. घरमालकाचे वडील अमेरिकेत आयुष्य काढून परतले होते; तिकडच्यासारखं वाफेवर तापणारं घर त्यांनी हौसेनं करून घेतलं होतं. अण्णा दाबाच्या काट्यावर नखानं टकटक करत. काटा थरथरला की म्हणत, "जागा हाय," आणि मगच कपाला हात लावत.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सांगलीकडच्या साखर कारखान्यात त्यांची हयात बॉयलरवर गेली. २०२० च्या फेब्रुवारीत लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे वर्षभर राहिले. मला ते 'पाव्हणं' म्हणत.

आल्या आल्या त्यांनी मला बॉयलरवरचे दोन डबे दाखवले. "ह्यो पैला. दाब वाढला की जाळ बंद करतो, उतरला की लावतो. आन् पैला झोपला तर ह्यो दुसरा. ह्यो जाळ बंद करतो आणि बंदच ठेवतो. लाल बटण दाबल्याबिगर सोडत न्हाई. का? तर माणसानं येऊन बघावं म्हणून."

नोव्हेंबरात दुसरा डबा वरचेवर जाळ बंद करू लागला. मी घरूनच काम करत होतो; मीटिंगमधून उठायचो, बटण दाबायचो, परत जायचो. बघत काहीच नव्हतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एखादी धोक्याची सूचना सारखी वाजायला लागली की आम्ही ती गप्प करतो. मी वर्षानुवर्षं तेच केलं होतं. डबाच बिघडलाय, अशी माझी खात्री झाली. एका दुपारी अण्णा मागच्या अंगणात उन्हाला बसले होते, तेव्हा मी डबा उघडून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या, म्हणजे त्याला जाळ बंद करताच येईना. घर सलग तापू लागलं. माझ्या मुलीची, ओवीची खोली बॉयलरच्या बरोबर वर. ती म्हणाली, "इट्स ग्रँड नाऊ, बाबा."

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "दुसरा गप का झाला?"

"मेकॅनिकला फोन केला होता. तोच म्हणाला, तूर्तास वायर जोडा."

मी कुणालाही फोन केला नव्हता. अण्णा "बरं" म्हणाले आणि तिथेच उठून त्यांनी बॉयलर बंद केला.

दुसऱ्या दिवशी ते मफलर गुंडाळून बॉयलरसमोर स्टुलावर बसले. काटा चढला की हातानं बंद, उतरला की चालू. जागेवरून उठायचं झालं तर आधी बंद. माझी बायको वैशाली ताट घेऊन गेली. "अण्णा, इथे काय बसलाय?"

"ड्युटी हाय, बाय. दुसरा नसला की माणूस बसवायचा, ही आमची रीत."

दोन दिवस मी मीटिंगांच्या मधे त्यांची पाठ बघत होतो. तिसऱ्या सकाळी जिन्याच्या पायरीवर बसलो. "अण्णा, मी फोन केलाच नव्हता. वायर माझ्या मनानं जोडली."

काट्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "ठावं हाय. कुठला मेकॅनिक असं सांगंल?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर माझ्यासाठी काढली असती. मी गेल्यावर परत जोडली असती." त्यांनी बॉयलर बंद केला आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "आता लावा फोन."

त्याच दुपारी मास्क लावून मेकॅनिक आला. पहिल्या डब्याखालची पिळाची बारीक नळी त्यानं सोडवली; आत गंजाचा चिखल गच्च बसला होता. वाफेचा दाब त्या डब्यापर्यंत पोचतच नव्हता. वाढता दाब फक्त दुसऱ्याला कळत होता. लाल बटणावर बोट ठेवून मेकॅनिक म्हणाला, "युअर मॅन वॉज राइट ऑल अलाँग." इकडच्या बोलीत, हा गडी पहिल्यापासून बरोबर होता. त्या डब्यानंतर उरली होती ती जास्तीची वाफ सोडणारी एक झडप, आणि तिच्यावर ओवीची खोली.

वायरी पूर्ववत झाल्या. अण्णांच्या आग्रहावरून मेकॅनिकनं दाब मुद्दाम चढवून पाहिला. दुसरा डबा टिक् झाला, जाळ विझला. "जागा हाय," अण्णा हसले. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. काहीही झालं नव्हतं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

२०२१ च्या वसंतात अण्णा परत गेले. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, "पाव्हणं, दुसरा जागा हाय न्हवं?"

"हो, सकाळीच बघितला," म्हणत मी फोन घेऊन जिन्याखाली निघालो, त्यांना दाखवायला.

"कशाला?" अण्णा म्हणाले. "तुमी सांगताय न्हवं? बसा, च्या प्या."