काकूंचा पगार

लेक दहा महिन्यांची झाली आणि मला पुन्हा नोकरी मिळाली. इथेच, अमेरिकेतल्या ट्रॉय गावात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम. नवरा विद्यापीठात संशोधन करतो, म्हणजे मान भरपूर आणि पगार बेताचा. त्यामुळे आनंदाने नाचून झाल्यावर आम्ही डे-केअरचे दर बघितले आणि नाच थांबला. माझा जवळजवळ सगळा पगार तिथेच जाणार होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! कंपनीला शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि मला हो म्हणायचं होतं. घरात बसून मी चिडकी होत चालले होते.

राज्य सरकार मुलं सांभाळण्याच्या खर्चाला हातभार लावतं, हे कुणीतरी सांगितलं. त्यांच्या वेबसाइटवर एक कॅल्क्युलेटर होता. घरात माणसं किती, कमाई किती, मूल कोण सांभाळणार, त्यांना आठवड्याला किती देणार, एवढं भरलं की मदतीचा अंदाज येतो. डे-केअरचा आकडा घालून बघितला, तरी जमेना. मग मला आमच्या काकू आठवल्या. दोन घरं सोडून राहतात, तीस वर्षं या गावात आहेत, मुलं लांबच्या राज्यांत. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच केले होते. त्या आमच्या घरी येऊन सांभाळणार असं भरलं, त्यांना रास्त मोबदला लिहिला, आणि आकडा असा छान आला की मी खुर्चीतून उठलेच. खात्री करायला ऑफिसात फोन केला. तिकडच्या बाईंनी विचारलं, सांभाळणाऱ्या बाई तुमच्या नात्यातल्या का? मी सवयीने हो म्हणाले. कुठलं नातं? काकू. वडिलांच्या भावाची बायको? नाही. नवऱ्याच्या? नाही हो, शेजारच्या. त्या बाई शांतपणे म्हणाल्या की नात्यातल्या नसल्या तरी चालतील, फक्त थोडी तपासणी आणि ट्रेनिंग करावं लागेल.

मी तशीच काकूंकडे धावले आणि मूर्खासारखी आधी आकडाच सांगितला.

काकूंचा चेहरा उतरला. "पैसे? अगं, मी काय आया आहे का? तुझी पोर मला परकी आहे?"

"तसं नाही काकू. पण रोज नऊ तास, पाच दिवस. फुकट कसं चालेल?"

"मग डे-केअरलाच टाक. सांभाळीन तर फुकट सांभाळीन."

काका टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "घे की यार, सरकार देतंय." त्यांना काकूंनी एका नजरेत गप्प केलं.

फुकट मला पचणारं नव्हतं. एखाद्या संध्याकाळी बाळ सोडून जाणं वेगळं आणि साठी ओलांडलेल्या बाईच्या कंबरेवर आपली नोकरी उभी करणं वेगळं. आई लहानपणापासून सांगायची की माझी मान ताठ आहे. आता ती ताठ मान माझ्याच आड आली. नवरा म्हणाला, नाहीच जमलं तर पुढच्या वर्षी बघू. मला इतकं रडू आलं की त्याने घाईघाईने चहा ठेवला.

गुरुवारी दुपारी काकू स्वतःच आल्या. हातात नेहमीसारखा डबा नव्हता.

"माझ्या लेकीला फोन केला होता," त्या म्हणाल्या. "ती म्हणते, आई, इट्स वर्क, जस्ट टेक द मनी. तिच्यावरही ओरडले." मग जरा थांबल्या. "नागपूरला बँकेत होते मी. लग्न होऊन इकडे आले तेव्हा नोकरी सोडली. मग माझी मुलं सांभाळली, नातवंडं सांभाळली, या गल्लीतली निम्मी पोरं सांभाळली. किती देऊ, असं कुणी विचारलं नाही. तू विचारलंस आणि मला राग आला. दोन दिवस बघत होते, राग नक्की कुणाचा आला ते."

मी त्यांचा हात धरला.

"रडू नकोस. घेईन मी," त्या म्हणाल्या. "पण मग सगळं नीट. सुट्ट्या पाहिजेत. आणि संकष्टीला चार वाजता मी घरी जाणार."

मी शुक्रवारची वाटही बघितली नाही, लगेच कंपनीला हो कळवलं.

काकूंनी बोटांचे ठसे दिले आणि ट्रेनिंग केलं. बाळाला पाठीवरच झोपवायचं, पाळण्यात पांघरूण ठेवायचं नाही, हे ऐकून म्हणाल्या, "माझी तिन्ही गोधडीत झोपली, तिन्ही इंजिनिअर झाली." पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्या लेकीच्या पाळण्यातली गोधडी उचलली आणि वर मलाच दटावलं. प्रत्यक्षातली मदत अंदाजापेक्षा जरा कमीच निघाली, पण भागतं. संध्याकाळी मी घरी येते तेव्हा लेक मऊ भात खाऊन तृप्त असते आणि मीही दमून खूश असते. इतकं साधं सुख मी उगीच अवघड समजत होते.

दिवाळीत मराठी मंडळाच्या जेवणाला आम्ही सगळे गेलो होतो. लेक काकूंच्या कडेवर. एक ओळखीच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "काकू, किती मदत करता हो तुम्ही यांना! सख्खी आजीसुद्धा करणार नाही."

मी तोंड उघडलंच होतं, काकू आम्हाला आईसारख्या आहेत असं काहीतरी गोड बोलायला.

"मदत कसली?" काकू म्हणाल्या. "नोकरी करते मी."

आणि लेकीला दुसऱ्या कडेवर घेऊन त्या ताठ मानेने वाढपाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.