म्हैस, मोर आणि दाजींची शेळी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मोर संपत चाललेत, असं मी लेकीला चक्क खोटं सांगितलं होतं.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या शिवाजी पेठेत म्हशी सजवून मोटरसायकलीमागं पळवतात. शिंगांना मोरपिसांचे तुरे. आमची पिसं कोडोलीहून यायची, बहिणीच्या शेतात गळून पडलेली. मग एका बारशात दाजींनी चारचौघांत माझ्या म्हशीला नाव ठेवलं, "पावणं, म्हैस हाय का शेळी?" पंगत हसली. मी भरल्या ताटावरून उठलो आणि कोडोलीचं नावच टाकलं.

लेक तेव्हा लहान. तिनं पिसं मागितली तर म्हटलं, "नको बाळा, मोर संपत आलेत." झालं! दर पाडव्याला ही म्हशीला कागदी फुलं लावायची आणि गल्लीभर भांडत सुटायची, "काका, तुमच्यापायी मोर संपतील की!" मी गोठ्यात तोंड लपवायचो.

यंदा कॉलेजात तिला नात्यागोत्यात नसलेल्या दोन प्राण्यांची तुलना करायची होती. तिनं मोर आणि म्हैस निवडली. दिवाळीच्या तोंडावर मी धार काढत होतो, तर ही गोठ्याच्या दारात.

"पप्पा, मोराला कायद्याचं संरक्षण हाय, पण तो संपाय लागलेला न्हाय. भरपूर हाईत. तुम्हाला कुणी सांगितलं वतं?"

"असंच... ऐकलं होतं."

"धोक्यात ही आपली बया हाय! म्हंजे हिचे रानातले भाऊबंद. रानम्हशी लई थोड्या उरल्यात." तिनं म्हशीच्या गळ्यात हात टाकला. म्हशीनं शेपटीचा फटका दिला, तो मला.

"आणि कूळ?" मी विषय बदलला.

"मोर पक्षी, कोंबडीच्या कुळातला. म्हैस सस्तन, गाईच्या कुळातली. शेळी-मेंढी बी त्यातच."

"शेळी?"

"व्हय की. एकच कूळ."

मला असं हसू फुटलं की चरवी लवंडली. बायको धावत आली, "काय झालं ओ?"

"काय न्हाई. दाजींची आठवण झाली."

"मग बोलवा की पाडव्याला! अडलंय कुणाचं?"

दूध सांडलेलं असताना आम्ही तिघं हसत होतो. त्या दोघी कशाला हसत होत्या, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दाजींना अजून फोन केलेला नाही. त्यांच्या दारात जाऊन म्हैस-शेळीचं कूळ एकच, हे कबूल करण्याचं देणं मी लागतो. आणि लेकीला, इतक्या पाडव्यांचे तुरे.