पहिल्या हाकेला कधीच नाही

मंडळी, मी डॉक्टरकी शिकायला जॉर्जियाला चाललेय, म्हणून सध्या जॉर्जियन शिकतेय. आजचा धडा होता, कोण काय किती वेळा करतं ते सांगायचा. 'झोगजेर' म्हणजे कधीकधी, 'अरासोदेस' म्हणजे कधीच नाही. वाक्यं घरच्या माणसांवर करायची होती.

दुपारी राणीसावरगावला चुलत आजोबांकडे गेले होते. त्यांनाच विचारलं, "आबा, तुम्ही काय कधीच करत नाही?"

"पहिल्या हाकेला ओ देत न्हाई," आबा म्हणाले. "निजामाचं राज व्हतं. मायच्या आवाजात भाइरून हाक आली. थोरला भाऊ ओ देऊन गेला, त्यो परत आलाच न्हाई. माय तर घरातच निजलेली व्हती."

"अजून येते हाक?"

आबांनी दाराकडं बघितलं. "कवा कवा."

मी हसून म्हटलं, "झोगजेर." आबा हसले नाहीत.

संध्याकाळी परभणीला घरी आले तर कुलूप; माझ्या किल्लीनं उघडून आत आले. आई बाजारात आहे, आत्ताच फोनवर बोललो आम्ही.

आणि हे लिहिताना स्वयंपाकघरातून आईच्या आवाजात माझं नाव ऐकू आलं. एकदाच.

मी अजून ओ दिलेली नाही. तुम्ही दिली असती?