खाडीपट्ट्याचा झाडा

दौलतकाका मटणात मीठ टाकत होते आणि ओवेसच्या इज्जतीचा फालुदा करत होते.

"तू यंदा चढाईला गेलास का रे?"

"गेलो की काका. बरेचदा गेलो."

"गेलास खरा. पण मारायला गेलास का सलाम करायला? जायचं, हसायचं, परत यायचं. पाहुणा आहेस काय तू त्यांचा? चहा तरी पिऊन यायचास!"

खोली हसली. ओवेसही हसला, पण कान लाल झाले. उत्तर द्यायची सोय नव्हती. ज्याचा झाडा चालू, त्याचं तोंड बंद. हा नियम दौलतकाकांनीच घातलेला.

दुबईत, देरा भागात, नायफच्या मागच्या गल्लीत ही खोली. भिंतींना दुमजली बंक, मधल्या जागेत चटई, दाराशी गॅस. कबड्डीचा हंगाम संपला की पुढच्या शुक्रवारी खाडीपट्टा संघाची सगळी पोरं नमाजानंतर इथं जमायची. मटण शिजेपर्यंत काका एकेकाचा झाडा घ्यायचे. वर्षभरात कोण काय खेळला, कुठं झोपला, कुणामुळं जिंकलो आणि कुणी बुडवलं, सगळं तोंडावर. मागं बोलायचं नाही. झाडा झाला की त्या माणसाच्या ताटात पहिली नळी. अपमान आणि नळी एकदमच मिळायची.

संघ साधाच. महाड-खेडकडची खाडीकाठची पोरं, निम्मी हिंदू, निम्मी मुसलमान. कोणी प्लंबर, कोणी पेंटर, कोणी कार्गोत पेट्या चिकटवणारा. थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी सोनापूरच्या कामगार कॅम्पमागं मोकळ्या जागेत सामने. साइटवरचा टँकरवाला ओळखीचा, तो वाळूवर पाणी मारून द्यायचा. जिप्समनं रेषा मारल्या की झालं मैदान. कप छोटासाच होता. पण ज्याचा संघ जिंकला तो वर्षभर अब्रामध्ये, खाडी ओलांडायच्या होडीत, बसतानासुद्धा छाती काढून बसायचा.

दौलतकाका बांधकामावर सळया बांधायचे. पंधरा वर्षं तार पिळून पिळून बोटं पकडीसारखी झाली होती. लोणच्याच्या बरणीचं झाकण अडलं की अख्खी बिल्डिंग त्यांच्याकडं. मुश्ताकभाई, म्हणजे संघाचे मॅनेजर, म्हणायचे, "दौलत, फक्त झाकण उघड हं, बरणी फोडू नकोस." काका कॅप्टन, डावा कोपरा सांभाळायचे. चढाईवाल्याचा घोटा एकदा त्यांच्या हातात गेला की खलास. मग तो माणूस कितीही रेडा असू दे.

आणि सोमनाथ. तो संघात सगळ्यात लहान, विशीचा. नववीत मास्तरांना डस्टर परत फेकून मारला आणि शाळा सुटली. गावात दिवसभर पुलावर बसायचा. दौलतकाका सुट्टीवर आले होते, त्यांनी बघितलं. म्हणाले, "हा इथं सडेल." वर्षभरात त्याला दुबईत आणून एसीच्या कामाला लावला. दम वाढावा म्हणून रोज संध्याकाळी नायफपासून अब्राच्या धक्क्यापर्यंत चालवत न्यायचे, तोंडानं कबड्डी कबड्डी म्हणायला लावून. पठाण थांबून बघायचे. एकानं विचारलं, "ये लडका पागल है क्या?" काका म्हणाले, "अभी नहीं, हो जाएगा."

सोमनाथला वडील नव्हते, आणि काकांबद्दल कोणी वाकडं बोललं तर तो आधी हाणायचा, मग विचारायचा. असा तो.

त्या वर्षी, अठ्ठ्याण्णवच्या हंगामात, खाडीपट्टा फायनलला गेला. समोर अल कूझची टीम. त्यांच्या कंपनीचा कॅम्प बॉस खुर्ची टाकून बसलेला, गळ्यात सोन्याची चेन. शेवटच्या चढाईला गुण सारखे होते. चढाई त्यांची. आला हमीद, रत्नागिरीकडचा, काटक, मांजरासारखा. खाडीपट्ट्याचे तिघंच मैदानात उरले होते : दौलतकाका, सोमनाथ आणि विघ्नेश.

हमीद काकांच्या कोपऱ्याकडं वळला आणि काकांनी झेप घेतली. घोटा हातात! विघ्नेश मधे आला तो आपटला. हमीद काकांच्या अंगावर दुमडला, पाय ओढतोय, पब्लिक बोंबलतंय, धुरळा उडालाय. सोमनाथ त्याच्या पाठीवर पडायला धावला. एक हात लांब असेल, नसेल. आणि त्यानं बघितलं. काकांची बोटं उघडली.

हमीद पोटावर सरपटला, मधल्या रेषेवर हात टेकला. शिट्टी. अल कूझवाल्यांनी त्याला तिथंच उचलून खांद्यावर घेतला आणि नाचत नाचत घेऊन गेले. काका वाळूत तसेच पडून होते, हाताकडं बघत.

त्या दिवसापासून सोमनाथ नीट जेवला नव्हता. त्यानं बघितलेलं कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळे म्हणत होते, घोटा निसटला. होतं असं कधी. पण आता झाड्याचा दिवस आला होता. आणि कॅप्टनचा झाडा सगळ्यात लहान खेळाडूनं घ्यायचा, हाही काकांचाच नियम. का, तर मोठ्यांना भीड असते, पोराला नसते.

ओवेसचं झालं. मग विघ्नेश. विघ्नेश टायपिंग सेंटरमध्ये कामाला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस.

"विघ्नेश, तुझं कव्हर चांगलं. पण पडलास की उठत नाहीस. कपडे मळतात म्हणून?"

"काका, माय पोझिशन..."

"तोंड बंद. पुढच्या वर्षी पडलास की लगेच उठ. नाहीतर उशी घेऊन ये."

मग सोमनाथचं. त्याच्याबद्दल काका थोडंच बोलले. "चढायांत हा संघाचा पहिला. ह्या हंगामातले निम्मे गुण ह्याचे. पण डोकं गरम. सेमीला त्या पोराच्या कानफटात द्यायची काय गरज होती?"

तो पोरगा म्हणाला होता, तुमचा कॅप्टन म्हातारा झालाय. म्हणून दिली होती.

"चला, माझं काढा," काका म्हणाले. गॅस बारीक केला आणि चटईवर मांडी घालून बसले. परीक्षेला बसल्यासारखे. "सोम्या, बोल."

सोमनाथ उभा राहिला. "काका यंदा... चांगले खेळले. पहिल्या सामन्यात चार पकडी. सेमीला तर त्यांचा मेन माणूस दोनदा..."

"फायनलचं बोल," काकाच म्हणाले.

"फायनल..." तो पातेल्याकडं बघायला लागला. "जाऊ दे ना काका. मटण लागेल खाली."

"मटणाचं मी बघतो. तू बोल."

तेवढ्यात विघ्नेश बोलला. आपला झाडा झोंबला होता त्याला. "मी बोलतो ना. सिंपल आहे. एज झालंय काकांचं. ग्रिप गेली. घोटा हातात होता, सुटला. पुढच्या वर्षी काकांना पाणी द्यायला बसवा बाहेर. रिस्पेक्टफुली सांगतो."

सोमनाथचं डोकं फिरलं. काकांची पकड गेली? काकांची? ही असली शिवी त्यानं आयुष्यात ऐकली नव्हती.

"ए, तोंड सांभाळ! काकांच्या हातातनं घोटा सुटत नाही. आईशप्पथ सुटत नाही. मी बघितलंय, एका हातावर होतो मी. सुटला नाही. काकांनी सोडला!"

बोलून गेला आणि मग त्याला कळलं काय बोलला ते.

मुश्ताकभाईंनी उठून दार लावून घेतलं.

"सोडला?" विघ्नेश हळूच म्हणाला. "का सोडला? कुणी सांगितलं सोडायला?"

ओवेस म्हणाला, "गप रे." पण तोही काकांकडंच बघत होता.

सोमनाथला वाटलं काका आता उठतील, एक ठेवून देतील, म्हणतील डोळे फुटले काय रे तुझे. त्यानं ती कानफटात आनंदानं खाल्ली असती. काका त्याच्याकडं बघत होते. रागानं नाही. खोटं बोलला असता तर कदाचित जास्त रागावले असते.

मुश्ताकभाई पुढं सरकले. "दौलत, बोल तू. पोरगं काहीतरी बडबडतंय. सांग, घामानं निसटला म्हणून. यल्ला, विषय संपव."

"ज्याचा झाडा, त्याचं तोंड बंद," काका म्हणाले.

"नियम गेला खड्ड्यात! लोक काय म्हणतील माहितीये ना तुला? बाहेर गेलं हे तर?"

"लोक आधी जेवतील. ताटं घ्या."

काकांनीच सगळ्यांना वाढलं. स्वतःची नळी सोमनाथच्या ताटात टाकली. त्यानं ती ताटाच्या कडेला सारली. त्या खोलीत पहिल्यांदाच मटण उरलं.

बाहेर गेलंच. पुढच्या शुक्रवारपर्यंत खाडीच्या पलीकडं मीना बाजारात कपडेवाल्यांपर्यंत गेलं. दौलत विकला गेला. कॅम्प बॉसनं घेतला विकत. कोणी म्हणे घड्याळ दिलं, कोणी म्हणे पोराच्या व्हिसाचं कबूल केलं. दौलतकाकांना मुलगाच नव्हता, दोन मुली होत्या, पण अफवेला काय. सोमनाथ दोघातिघांशी मारामाऱ्या करून आला, ओठ फोडून घेतला. लोक म्हणायचे, "अरे तूच तर सांगितलंस!"

पुढचा हंगाम आला. ओवेस कॅप्टन झाला. काकांना कोणी काढलं नाही, त्यांनीच सांगितलं, खांदा दुखतो. शुक्रवारी पोरं सोनापूरला निघाली की काका अब्रा पकडून बर दुबईला जायचे. देवळाच्या गल्लीत फुलवाल्याशेजारी पायरीवर बसायचे.

एकदा सोमनाथ सामना सोडून त्यांच्या मागं गेला.

"काका, एकदाच सांगा. का सोडला? मी कुणाला नाही सांगणार."

"तू बघितलंस ते बोललास. खोटं काही बोलला नाहीस. झालं."

"झालं काय काका? लोक थुंकतायत तुमच्यावर!"

"त्यांची थुंकी. तुझी चढाई चुकेल, जा."

"मला नाही खेळायचं तुमच्याशिवाय."

तेव्हा काका चिडले. पहिल्यांदा आणि शेवटचं. "मग कशाला चालवलं तुला रोज धक्क्यापर्यंत? दम माझ्यासाठी वाढवला काय मी? ऊठ!"

तो उठला. गेला. त्या दिवशी फार वाईट खेळला.

दोन हजार साली काका व्हिसा कॅन्सल करून गावी गेले. विमानतळावर त्यांची खोक्याची दोरी सोमनाथनं बांधली. काका म्हणाले, "सैल बांधलीस," आणि स्वतः पुन्हा बांधली. तेवढंच. आत जाताना मागं वळून बघितलं नाही, किंवा बघितलं असेल, गर्दीत दिसलं नाही.

सोमनाथ महिन्यातनं एकदा कार्ड टाकून फोन करायचा. बहुतेक वेळा काकांच्या बायको, ठकुबाईकाकू, घ्यायच्या. एकदा त्यांनीच विचारलं, "तिकडं काय झालं होतं रे? गावात मॅटवरचे सामने झाले, ह्यांना अध्यक्ष करत होते. हे गेलेच नाहीत. कबड्डीचं नाव काढलं की उठून बाहेर जातात."

"काय नाही काकू," सोमनाथ म्हणाला. "खांदा दुखायचा त्यांचा."

त्याच्या पुढच्या वर्षी काका गेले. तापाचं निमित्त झालं. सोमनाथला सुट्टी मिळाली नाही. खाडीपट्टा संघ त्याआधीच मोडला होता. झाडा घ्यायला कोणी नव्हतं, मग पोरं एकमेकांच्या मागं बोलायला लागली, आणि मागं बोलायला लागल्यावर संघ कितीसा टिकणार.

सोमनाथ अबुधाबीला आला. दोन हजार तीन साली खलिफा सिटीत एका व्हिलाचे एसी साफ करत होता. खाली कोणीतरी गाडी धुता धुता मराठीत फोनवर बायकोशी भांडत होतं. त्यानं गच्चीवरून वाकून बघितलं. हमीद. आता ड्रायव्हर झालेला, पोट सुटलेलं.

सोमनाथ खाली आला तो भांडायच्याच इराद्यानं आला. पण हमीदनंच ओळखलं. "खाडीपट्टा ना तू? दौलतकाका कसे आहेत?"

"गेले. दोन वर्षं झाली."

हमीदच्या हातातला पाइप चालूच राहिला. पाणी त्याच्या चपलांवरून वाहत होतं. मग तो गाडीच्या सावलीत खाली बसला.

"मी गेलो होतो नायफला त्यांच्याकडं," तो म्हणाला. "जिन्यातच भेटले. पाय कसा आहे विचारलं. मी म्हटलं, चला, सगळ्यांसमोर सांगतो. म्हणाले, तुझा व्हिसा रिन्यू होईपर्यंत गप बस. नंतर गेलो तर ते गावी गेलेले."

"कसला पाय?"

"फायनलच्या आधी साइटवर चीर गेली होती हाडाला. पट्टी बांधून खेळलो. कंपनीत सांगितलं नव्हतं. काकांनी पकडला आणि मोडला. आवाज आला, त्यांनीपण ऐकला. कॅम्प बॉस तिथंच बसलेला. खेळात मोडलेल्या पायाचा माणूस कोण ठेवतो? दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये पडलो म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं प्लास्टर झालं."

हमीदनं नळ बंद केला.

"आणि तेवढंच पण नाही," तो म्हणाला. "मी बोललो होतो. त्यांच्या कानात. 'काका, मोडला', असं स्पष्ट. पंच लांब होता, त्यानं ऐकलं नाही. बोललो तिथंच माझा दम तुटला होता. मी बाद होतो. त्यांनी नुसता हात वर करून पंचाला सांगायचं होतं, मी काय बोललो ते. कप तुमचा होता."