डावीकडचं स्टीअरिंग

गाडी कुणी घेतली याबद्दल वाद नव्हता. कागदांवरची सही मास्तरांची होती आणि ती त्यांनी शुद्धीत, चष्मा लावून केली होती. वाद होता तो का घेतली याचा. सगळ्या गल्लीचं विचारून झालं, पाहुण्यांचं विचारून झालं, आणि उत्तर कुणालाच मिळालं नाही, कारण ते मास्तरांपाशीही नव्हतं.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर. उभं आयुष्य त्यांनी डाव्या सीटवर काढलं. उजवीकडे स्टीअरिंग धरून शिकणारा बसायचा, घामाने भिजलेला. डावीकडे मास्तर, पायाखाली खास बसवून घेतलेला जादा क्लच आणि जादा ब्रेक घेऊन. हात मांडीवर, नजर रस्त्यावर, पाय ब्रेकवर टेकलेला. निम्म्या गल्लीला गाडी त्यांनीच शिकवली. त्यातला कुणीही आजसुद्धा काटा चाळीसच्या पुढे नेताना मनातल्या मनात मास्तरांची माफी मागतो. संध्याकाळी गाडी घरापर्यंत आणायचं कामही शेवटचा विद्यार्थीच करायचा, तेवढाच त्याचा हात बसतो म्हणून. त्यामुळे मास्तरांनी स्वतः गाडी अशी फारशी चालवलेलीच नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मास्तरांच्याही नाही.

शिकवणीची दुसरी बाजू काकूंची. काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. परीक्षेला बसण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला काकूंच्या जेवणाच्या टेबलाशी बसावं लागे. तिथे पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या खुणा, वळणं, रेषा, कुणी कुणाला आधी जाऊ द्यायचं, सगळं त्या घोटून घ्यायच्या. सलग पांढरी रेष आणि तुटक पांढरी रेष यांत कुणी घोटाळा केला तर त्याला चहा मिळत नसे. स्वतः काकूंनी स्टीअरिंगला कधी हात लावला नव्हता. एकदा विषय निघाला होता, तेव्हा मास्तर म्हणाले होते, घरात एक ड्रायव्हर पुरे. खरं तर तेवढाही नव्हता.

हे सगळं चालायचं तिसऱ्या मजल्यावर, बिनालिफ्टच्या इमारतीत. काकूंच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हापासून त्यांचं खाली उतरणं जवळजवळ बंदच झालं होतं. दूधवाला वर यायचा, विद्यार्थी वर यायचे, डॉक्टरसुद्धा एकदा धापा टाकत वर आले होते. काकू तेवढ्या खाली जात नसत. म्हणून मास्तरांच्या मालकीचं शिकवणीचं मैदान रस्ता रुंद करण्यात गेलं आणि त्याची भरपाई हातात पडली, तेव्हा ती कुठे घालायची यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. बेकरीच्या मागे तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत होत्या. दाराला एकच पायरी. मालकाशी तोंडी बोलणं झालं, आणि काकूंनी खिडक्यांची मापं मागवून पडदे बेतायला घेतले.

आता शिकवणीची जुनी गाडी एका विद्यार्थिनीने विजेच्या खांबाला नेऊन भेटवली होती, तेव्हा एक स्वस्तातली छोटी गाडी हवी होती. ती पाहायला मास्तर जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले. छोटी गाडी होती, पण मागच्या रांगेत अडकलेली. तिच्या पुढ्यात जमिनीला चिकटल्यासारखी एक लाल इटालियन गाडी उभी होती. कुणा हौशी माणसाने परदेशातून आणलेली, त्याच्या मागे मुलांना नकोशी झालेली. दलाल म्हणाला, बसा, ही जरा बाजूला घेऊ म्हणजे तुमची बाहेर निघेल. गाडी बाजूला घेणार तो, असं मास्तर समजले, आणि सवयीने डावीकडचं दार उघडून आत शिरले. बसले, हात मांडीवर ठेवले, नजर वर केली, तर समोर स्टीअरिंग.

दलाल बाहेर उभाच राहिला. मग खिडकीशी वाकून म्हणाला, "साहेब, आजवर जो आला तो उजवीकडून चढला आणि स्टीअरिंग शोधत बसला. बरोबर बाजूने बसलेले तुम्ही पहिले. म्हणजे या गाड्या तुम्ही वापरलेल्या दिसतात."

इथे मास्तरांनी खरं सांगायला हवं होतं. सांगायला फारसं काही नव्हतंच. पण इतक्या वर्षांत त्यांना कुणी पहिले म्हटलं नव्हतं. ते नुसतं "हं" म्हणाले. तो "हं" पुढे फार महागात पडला.

किल्ली फिरवली तसा आवाज पुढून न येता पाठीमागून आला, बंद खोलीत कुणी जड कपाट ओढावं तसा. मास्तर दचकले आणि सवयीने ब्रेक दाबला. हा ब्रेक जादाचा नव्हता. क्लचही जादाचा नव्हता. जे होतं ते सगळं त्यांचंच होतं. बाजाराच्या कुंपणालगत त्यांनी एक फेरी मारली, मग आणखी एक. छोटी गाडी कधीच बाहेर काढून ठेवली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. घरी येताना छातीत काहीतरी धडधडत होतं. ते आनंदाचं होतं की पित्ताचं, हे त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या खेपेला ते नाही म्हणून सांगायला गेले. तिसऱ्या खेपेलाही नाही म्हणायलाच गेले, आणि भरपाईचे पैसे मोजून सही करून आले.

काकूंना सांगायच्या आधी मास्तरांनी जिन्यातच दोनदा उजळणी केली. आकांडतांडव होणार, भांडी आपटणार, माहेरचे बोलावले जाणार, याची त्यांनी तयारी ठेवली होती. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गाडीत किती माणसं बसतात. दोन, मास्तर म्हणाले. "बरं," काकू म्हणाल्या, आणि शेगडीवरचं दूध बघायला गेल्या.

हा "बरं" मास्तरांना झेपेना. त्यांनी त्याचा अर्थ लावायचा फार प्रयत्न केला. राग असता तर तो ओसरेपर्यंत थांबता आलं असतं. रडणं असतं तर समजूत घालता आली असती. काकूंचा भाऊ मात्र दुसऱ्या दिवशी आला आणि बहिणीच्या वाटचंही बोलून गेला. नाकापेक्षा मोती जड, तो म्हणाला. घर गेलं, आता त्या मोत्यात राहायला जा. त्यावर काकूंनी भावालाच गप्प केलं की माझ्या घरचं मी बघीन. मेहुणा फणफणत गेला. मास्तर आणखीच गोंधळले. आपली बाजू घेतली गेली की आपल्याला वाळीत टाकलं गेलं, हे त्यांना समजेना.

गाडीने तर त्यांचा अंतच पाहिला. गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक होता, तो मास्तरांनीच पूर्वी अर्ज करून करून बसवून घेतला होता. त्यावर गाडीचं पोट घासे. मग दोन फळ्या बरोबर न्यायच्या, उतरून त्या मांडायच्या, गाडी चढवायची, पुन्हा उतरून फळ्या उचलायच्या. मेकॅनिक इतक्या वर्षांचा ओळखीचा, पण त्याने पुढचं झाकण उघडलं तर आत रिकामा खड्डा. इंजिन मागे आहे हे कळल्यावर त्याने मागचं झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि हळूच परत लावलं. टोलनाक्यावर खिडकी उजवीकडे, मास्तर डावीकडे. पैसे द्यायला खाली उतरून गाडीला वळसा घालावा लागे, आणि मागचे हॉर्न वाजवून त्यांचा उद्धार करीत. सगळ्यात वाईट म्हणजे पुढे ट्रक असला की पलीकडचं काही दिसत नसे. डावीकडे बसून उजवीकडचा रस्ता दिसणार कसा? जगाला पुढे कसं जायचं ते शिकवणारा माणूस एकेका ट्रकमागे धूर खात रांगत राही.

आणि तरीही रोज सकाळी उठल्यावर मास्तर आधी खिडकीशी जाऊन गाडी जागेवर आहे ना ते बघत. ती दिसली की बरं वाटे, आणि बरं वाटल्याची लाज वाटे.

बेकरीमागच्या खोल्यांच्या मालकाने निरोप धाडला की दुसरं गिऱ्हाईक आलंय, या आठवड्यात काय ते सांगा. त्याच सुमारास शेजारच्या गावच्या एका हॉटेलवाल्याने गाडीबद्दल चौकशी केली. हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायची म्हणून त्याला ती हवी होती, आणि तो जे देणार होता त्यात दोन खोल्या येत होत्या. गाडी घेऊन या, पसंत पडली तर तिथल्या तिथे व्यवहार, असं तो म्हणाला. मास्तरांना सुटल्यासारखं वाटलं आणि जेवण गेलं नाही. पण न्यायची कशी? हमरस्ता ट्रकांनी भरलेला. उजवीकडे बसून रस्ता बघणारं कुणीतरी हवं. मेकॅनिक कामात होता. मेहुण्याला विचारायची सोय नव्हती.

"मी येते," काकू म्हणाल्या.

जिना उतरायला त्यांना फार वेळ लागला. प्रत्येक वळणावर त्या कठड्याला टेकत, मास्तर मागे पर्स घेऊन उभे. गाडीत बसणं म्हणजे तर जमिनीवर मांडी घालून बसण्यासारखंच होतं. काकूंनी आधी पाठ आत घातली, मग दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून आत घेतला. ओठ आवळलेले होते, पण तक्रार नाही.

गावाबाहेर पडताच पहिला ट्रक आला. मास्तरांनी संकोचून विचारलं, दिसतंय का काही. काकू खिडकीकडे वाकल्या. सलग रेष आहे, त्या म्हणाल्या, जायचं नाही. मास्तर गप्प मागे राहिले. थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, "तुटक रेष आली. समोर कुणी नाही. जा." मास्तरांचा पाय ब्रेकवरून हलेना. आजवर अशा वेळी "थांब" म्हणायचं काम त्यांचं होतं, "जा" कुणी म्हटलंच नव्हतं.

"जा म्हणते ना," काकू म्हणाल्या.

मास्तर गेले. पाठीमागचं कपाट गरजलं, ट्रक झर्रकन मागे पडला, आणि उजव्या सीटवरून हसू ऐकू आलं. काकू हसत होत्या, तोंडावर हात न ठेवता. मास्तरांना हे हसू ओळखीचं वाटेना. कदाचित लग्नानंतरच्या वर्षात ऐकलं असेल. पुढचा ट्रक आला तसं त्यांनी स्वतःहून विचारलं, जाऊ का? मग त्याच्या पुढच्याला. प्रत्येक ट्रकपाशी ते विचारत गेले आणि काकू सांगत गेल्या, कधी थांबा, कधी जा. मास्तर सुखी होते. इतके सुखी की आपण गाडी विकायला चाललोय हे ते मधूनमधून विसरत होते.

हॉटेलवाला दारातच भेटला. काकूंना उतरणं जड म्हणून त्या गाडीतच बसून राहिल्या. त्याने मास्तरांना सिमेंटचा नवा ओटा दाखवला. गाडी यावर चढवणार, इंजिन काढून टाकणार, आत रंगीत दिवे लावणार. गिऱ्हाइकं फोटो काढतील. मास्तरांनी ओट्याकडे पाहिलं, काचेआडच्या काकूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अजून उजळलेला होता. ते हसू आणि हा ओटा यांचा मेळ त्यांना काही केल्या बसेना. देणार असाल तर आज द्या, हॉटेलवाला म्हणाला, उद्या मी दुसरं काहीतरी बघेन. मास्तर म्हणाले, मग बघा. आणि येऊन गाडीत बसले.

काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. परतीच्या वाटेवरही त्या थांबा आणि जा सांगत राहिल्या, पण हसल्या नाहीत. मास्तरांना वाटलं, दमल्या असतील.

इमारतीपाशी काकूंना गाडीतून बाहेर काढायला दोघांनाही कष्ट पडले. गुडघे सुजून आले होते. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर त्या बसल्या. मास्तर पर्स सांभाळत समोर उभे राहिले, आणि कुणीतरी शाबासकी द्यावी अशा सुरात म्हणाले की मी विकली नाही, तुझ्यासाठीच नाही विकली.

काकू गुडघे दाबत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वाटेत प्रत्येक ट्रकपाशी मला विचारलंत," त्या म्हणाल्या. "तिथे नाही विचारलंत. घेतानाही नाही विचारलंत."

मास्तरांनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. मग ते म्हणाले, "विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"विका म्हणाले असते." त्यांनी दुसरा गुडघा दाबायला घेतला. "मजा आली मला. खोटं कशाला बोलू? इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. तरी विका म्हणाले असते. मला घर हवंय हो. रोज खाली यायचंय मला."

हे इतकं सरळ होतं की गोंधळायला त्यात जागाच नव्हती, आणि मास्तरांना नेमकं तेच सोसेना. त्यांचे डोळे भरून आले. काकू कठडा धरून उठल्या आणि चढायला लागल्या. मास्तर मागोमाग गेले. पहिल्या वळणावर त्या दम घ्यायला थांबल्या तेव्हा मास्तरांनी खिशातून फोन काढला, पण नंबर लावला नाही.

"लावू का हॉटेलवाल्याला?" त्यांनी विचारलं.

"लावा," काकू म्हणाल्या.

पलीकडे घंटी वाजत राहिली. तो उचलतो की नाही याची वाट न बघता काकूंनी पुढच्या पायरीवर पाय ठेवला.