मेलेल्या मामाचा सलाम

इंग्लंडातल्या आमच्या डेव्हनपोर्ट बंदरात घरटी एक आरमारी माणूस असतो आणि त्याची एक लढाई असते. जेथ्रोमामाची लढाई कोठीत झाली. महायुद्धात वर तोफा धडधडत होत्या तेव्हा हा गडी बोटीच्या पोटात पिठाच्या पोत्यांत बसून होता. डेकवर आला तेव्हा समुद्र शांत आणि सगळे चहा पीत बसलेले! शेजारचा यो अजून विचारतो, "काय जेथ्रो, बिस्किटं किती धारातीर्थी पडली रे?"

म्हणून १९२६ साली आरमाराच्या मदतीनं लढाईचा सिनेमा निघाला, तेव्हा मामा पेटला. "आता जग मला डेकवर बघेल!"

आरमारानं खरी बोट दिली, खलाशी दिले, भरपूर धूर दिला. अट एकच, आपला माणूस पडद्यावर घाबरलेला दिसता कामा नये. घाबरायला आणि मरायला जर्मन हवेत, तेही आमचेच, नुसते कोट बदलून. असे जर्मन कमी पडले म्हणून पेन्शनवाले खलाशी बोलावले. मामाला तोफेशेजारी मरायचं काम मिळालं, अगदी कॅमेऱ्यासमोर. आठवडाभर तो स्वयंपाकघरात मरत होता.

"अरे बाहेर मर की!" थर्झामामी ओरडायची. "दूध उतू गेलं!"

ऑक्टोबरातला शेवटचा दिवस. उद्या बोट माल्टाला जाणार. मामा झकास मेला. छाती धरली, तोफेला मिठी मारली, डोळे फिरवले. कॅमेरा चालूच होता, तेवढ्यात सूर्यास्ताचा बिगुल वाजला.

बिगुल वाजला की झेंडा उतरतो, आणि डेकवरच्या प्रत्येकानं हातातलं काम टाकून मागच्या टोकाकडे तोंड करून सलाम ठोकायचा. बावीस वर्षांची सवय! मेलेला मामा ताडकन उठला, वळला, सलाम ठोकला. त्याला बघून बाकीची सहा मढीही उठली.

"पडा खाली! मेलायत तुम्ही!" दिग्दर्शक किंचाळला.

शेजारी सलामात उभा असलेला लेफ्टनंट ओठही न हलवता म्हणाला, "बिगुल संपेपर्यंत कुणी मरणार नाही."

बिगुल संपला तेव्हा उजेडही संपला होता. मामा घरी येऊन टेबलावर डोकं टेकून बसला. "कापणार मला. नक्की कापणार."

जानेवारीत सिनेमा लागला. अॅडमिरल, महापौर, बँड, सगळा थाट. मामानं मामीचा हात असा आवळला की ती कळवळली. पडद्यावर मामा पडला. उठला. सलाम ठोकला. आणि लगेच मोठ्या अक्षरांत पाटी आली: 'मरता मरता शत्रूनेही आमच्या शौर्याला वंदन केले!'

टाळ्यांचा कडकडाट. अॅडमिरलनं डोळे पुसले.

"बघितलंस?" मामा खुर्चीतून अर्धा उठला. "डेकवर होतो!"

"होतास ना," मामी म्हणाली. "जर्मनांच्या."

मामाला त्याचं काही नाही. हल्ली तो गुत्त्यात योला समोर बसवून लढाई सांगतो, "आम्ही शेवटपर्यंत तोफ सोडली नाही रे. पण इंग्रज लेकाचे भारी पडले."